गाठ माझ्या नाकावर, आळ माझ्या माथी

मी एक म्हातारी कुत्री आहे, मित्रांनो, गॅरेजची राखणदार. मला बिचारी म्हणायचं नाही, आधीच सांगून ठेवते!

माझा जन्म फाटक्या टायरांच्या ढिगात झाला. गॅरेजवाल्या मामांनी मला वाढवलं. मी राखणीला बसल्यापासून तिथला साधा पानासुद्धा चोरीला गेला नाही. गिऱ्हाइकं म्हणत, "कुत्री आहे की फौजदार!" समोरच्या बंगल्यातल्या काकूंचा उंचापुरा, खानदानी कुत्रा माझा दोस्त. मी त्याला साहेब म्हणायचे. फाटकाच्या गजांतून आम्ही रोज नाकाला नाक लावायचो.

मग माझ्या नाकावर गाठ आली, लालभडक, रक्त गळणारी. मामांनी औषध म्हणून तिच्यावर गाडीचं जळकं ऑइल फासलं! असं झोंबलं म्हणून सांगू! त्याच सुमारास साहेब लंगडू लागला. त्याच्या पायाच्या हाडात कॅन्सर निघाला. झालं! काकू तणतणत गॅरेजात आल्या.

"तुमच्या या भिकारडीनंच दिला माझ्या बाळाला! हिला लांब सोडून या, नाहीतर मी कुत्री पकडणारी गाडी बोलावते."

मी गुरगुरले. का नाही गुरगुरायचं? म्हातारपणी परक्या गल्लीत सोडलं असतं, तर तिथल्या कुत्र्यांनी मला उभी फाडली असती.

मामांनी मला उचललं आणि थेट जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. काकूही साहेबाला घेऊन मागोमाग आल्या. बाईंनी आधी ऑइलवरून मामांना चांगलं झापलं. मग माझ्या गाठीतल्या पेशी काचेवर घेऊन तपासल्या.

"हिचा कॅन्सर संसर्गाचा आहे. हुंगण्या-चाटण्यातून एका कुत्र्याच्या गाठीतल्या पेशी दुसऱ्याच्या अंगात रुजतात. माणसाला तो होत नाही. इंजेक्शनांनी बहुतेक वेळा बरा होतो."

"मग माझ्या बाळालाही हिच्याचकडून..."

"नाही, काकू. हाडाचा कॅन्सर हुंगून होत नाही. मोठ्या कुत्र्यांच्या काही घराण्यांत तो जास्त दिसतो. याची आई कशानं गेली?"

काकू खुर्चीत बसल्या. "पायाच्या गाठीनंच."

"मग आईकडून, घराण्यातूनच आला असेल. खात्रीनं नाही सांगता येत. पण याची पिल्लं घेऊ नका."

इंजेक्शनांनी माझी भूक मेली, पाय लटपटले, पण मी राखण सोडली नाही. गाठ झडून गेली. साहेब मात्र वाचला नाही. त्या दिवशी मी बंगल्याच्या फाटकाशी जाऊन गळा काढला. काठी पडली तरी हलणार नव्हते. काकू बाहेर आल्या आणि माझ्याशेजारी खालीच बसल्या. "रड गं बाई," त्या म्हणाल्या, "तुझाही होता तो."

तेव्हा मित्रांनो, आमच्या अंगावर गाठ दिसली, तर दगड उचलू नका. आम्हाला उचला आणि डॉक्टरांकडे न्या. आम्ही गुरगुरू, पण तुम्ही ऐकू नका!