रिकामी डोली

"मी नाय बसायची डोलीत," साळूबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "आता मला जाऊ द्या वो."

रायबाच्या मस्तकात तिडीक गेली. दोन महिने झाले, बायकोचा हा एकच जप चालला होता.

"म्हशी सोडून तुझ्या उशाशी बसतोय तो हे ऐकायला गो?"

साळूबाईच्या पोटात कॅन्सर होता. बरा होणारा नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं. दुखणं थांबवायच्या गोळ्या महाडच्या दवाखान्यात मिळत, पण पंधरा दिवसांच्याच; आणि दर वेळी पेशंट समोर हवा, असा तिथला नियम. वाडी पोलादपूरच्या वर, डोंगराच्या माथ्यावर. बांबूला घोंगडी बांधून केलेल्या डोलीतून आठ गडी आळीपाळीने तिला जीपच्या रस्त्यापर्यंत उतरवत, आणि सांजेला परत चढवत.

"लय दुखतंय काय?" रायबाने आवाज उतरवून विचारलं.

"गोळीनं नाय दुखत."

"मग मरण कशाला मागतेस?"

तिने तोंड भिंतीकडून त्याच्याकडे वळवलं. मग म्हणाली, "चुलींसाठी."

वाडीची रीत होती: आजारी माणूस डोलीतून डोंगराखाली गेलं, की ते परत वर येईपर्यंत बाराही घरांत चूल पेटवायची नाही. रीत जुनी, साप चावण्याच्या आणि अडलेल्या बाळंतिणीच्या काळातली. तेव्हा डोली वर्षातून एखाद्या वेळी निघे.

"मेल्यावर चूल एकदाच बंद ऱ्हाते," साळूबाई म्हणाली. "माजी दर पंधरवड्याला. शेजारच्या शर्मिलाची पोरगी सांजेपर्यंत उपाशी रडते. कोण मला बोलत नाय वो. बोलले असते तर बरं झालं असतं."

ती मरण का मागते, हे रायबाने डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं, भगताला विचारलं होतं. हिला कधी विचारलंच नव्हतं. स्वतःचीच चीड आली, आणि मग ती चीड डोंगर उतरून थेट महाडकडे धावली.

त्याने आठ गडी हाकारले आणि डोली उचलायला लावली. रिकामी.

"मामी कुठंय?" खाली जीपवाल्या इनायतने विचारलं.

"घरी."

"मग बांबूला इंजेक्शन द्यायचंय काय, मामा?"

रायबा हसला नाही. दवाखान्यात त्याने डोली डॉक्टरीणबाईंच्या टेबलापुढे ठेवली.

"पेशंट कुठे आहेत?"

"वर. बाई, तुमी बसा ह्यात."

"म्हणजे?"

"पेशंट न् डॉक्टर समोरासमोर पायजेत, असा नियम हाय ना? कोणी कोणाकडं जायचं, ते लिवलंय काय त्यात?"

"आजोबा, मी एकटी आहे इथे. आणि मी त्यांना झोपेची गोळी दिली होती. निराश होतात असे पेशंट."

"निराश?" रायबाचा आवाज चढला. रांगेतली माणसं वळून बघू लागली. "बाराही घरं तिच्यापायी उपाशी ऱ्हातात, म्हणून मरायचंय तिला! त्याची गोळी हाय तुमच्याकडं?" त्याने चुलींची गोष्ट सांगितली. मग तो डोलीशेजारी फरशीवर बसला. हलला नाही.

दुपारी रांग संपल्यावर बाईंनी पिशवी उचलली. डोलीत त्या बसल्या नाहीत. आठ गड्यांच्या मागून धापा टाकत डोंगर चढल्या. शेवटच्या वळणावर त्या थबकल्या.

"धूर कसला? आग लागलीय का?"

"सैपाक चाललाय," रायबा म्हणाला. डोलीत आजारी माणूस नव्हतं, तेव्हा रीतही लागू नव्हती.

बाईंनी साळूबाईला तपासलं आणि कागदावर लिहिलं: गोळ्या महिन्याच्या द्याव्यात, घरचं कुणीही नेलं तरी चालेल.

रायबाने तो कागद हातात धरला. "एवढंच होतं? एवढ्यासाठी दोन महिने तिला बांबूला टांगलंत?"



"वरडू नका वो," अंथरुणातून साळूबाई म्हणाली. "मरायचं तवा मरीन मी निवांत. बाई चढून आलीय, आधी तिला ताक द्या."