इम्रानभाईंचा हुकूम

गुलाम हुसेन शेठच्या काल्हेरच्या गोदामात कॉम्प्युटरचं सगळं काम अफीफा बघायची. लेबलं छापणारा सर्व्हर, स्कॅनर, मालाच्या नोंदी, सगळं तिनंच उभं केलेलं. आणि या सगळ्याच्या उरावर शेठनं आपला भाचा इम्रान आणून बसवला होता. कसलासा कोर्स करून आलेला हा गडी भर मे महिन्यात जॅकेट घालून गोदामात फिरायचा. त्याला नुसतं पाहिलं तरी अफीफाच्या कपाळाला आठी पडायची.

त्या दुपारी तो सर्व्हरसमोर येऊन बसला. "काय कचरा भरून ठेवलायस गं यात! हे पर्ल बघ, बाबा आदमच्या काळातली प्रोग्रॅमिंगची भाषा. आज कोण वापरतं पर्ल?"

"सिस्टीम वापरते," अफीफा मान वर न करता म्हणाली.

"जुनाट सवयी, दुसरं काय!" म्हणत त्यानं ते पर्लचं पॅकेज काढून टाकायचा सर्व्हरला हुकूम दिला.

सर्व्हर जुना होता, पण अडाणी नव्हता. त्यानं स्क्रीनभर नावं ओतली. हे काढलंत तर ही सगळीही जातील, यातली काही अत्यावश्यक आहेत, आपण काय करतोय ते पक्कं ठाऊक असल्याशिवाय करू नका. तरीही करायचंच असेल तर एक अख्खं वाक्य टाइप करा : 'येस, डू अ‍ॅज आय से!' बोट चुकून बटणावर पडलं म्हणून घात होऊ नये, यासाठी ही अडवणूक.

इम्राननं यातलं अक्षर वाचलं नाही. वाचणं हे त्याच्या मते हाताखालच्या माणसांचं काम.

"हे काय मागतंय गं?"

अफीफानं आता स्क्रीनकडे पाहिलं. जाणाऱ्यांत छपाईची सेवा होती, डेटाबेस होता, गेलेलं परत बसवणारं साधनसुद्धा होतं. 'इम्रानभाई, थांबा,' एवढंच म्हणायचं होतं. पण त्या जॅकेटकडे बघून तिला असा तिटकारा आला की जीभच उचलेना. करू दे माकडाला. एकदा शेठलाही कळू दे.

"मी सांगतो तसं कर, असं लिहून मागतंय," ती म्हणाली. "लिहा."

"हां, मग करायलाच पाहिजे त्यानं!" इम्रान खूश झाला आणि एकेक अक्षर शोधत त्यानं वाक्य लिहून टाकलं.

बघता बघता प्रिंटर गप्प झाले. लेबलं लावणाऱ्या बायकांची मुकादम ललिता दारात आली. "मॅडम, लेबल न्हाय येत. पोरी नुसत्या उभ्या हायेत. आमच्या गावची, दिघाशीची गाडी चुकल ना!"

इम्रानला तेवढ्यात कुणाचा तरी फोन आला आणि तो जो बाहेर गेला तो गेलाच.

अफीफानं नवी सिस्टीम टाकली, बॅकअपमधून नोंदी परत आणल्या. तोवर बाहेर ट्रकची रांग लागली होती आणि ललिताची गाडी निघून गेली होती. त्या सगळ्या बायका एका रिकाम्या टेम्पोत दाटीवाटीनं बसून गेल्या.

शेठनं दोघांना बोलावलं. "सॉफ्टवेअरच जुनं होतं, मामू," इम्रान म्हणाला.

"यांनी काढू नये ते काढलं," अफीफा म्हणाली.

"तू कुठं होतीस?"

"शेजारीच."

"आणि बघत बसलीस?"

तिनं इम्रानच्या जॅकेटकडे पाहिलं.

"हा बिनडोक आहे, ते मला ठाऊक आहे," शेठ म्हणाले. "तुला शहाणी समजत होतो."

इम्रानच्या पंगतीला बसवलं याची आग तिच्या डोक्यातून उतरेना. त्याच रागात तिनं नव्या सिस्टीमची मांडणी केली. ही आवृत्ती कुणी असलं काही काढायला निघालं की वाक्य मागत नव्हती, सरळ नाही म्हणत होती. छपाईची सेवा आणि डेटाबेसही तिनं अत्यावश्यकांच्या यादीत घातले. मग इम्रानचे सर्व्हरवरचे सगळे अधिकार काढून घेतले, त्याला विचारायच्या भानगडीत न पडता.

दुसऱ्या दिवशी ती ललिताकडे गेली. "काल मला थांबवता आलं असतं गं."

"मंग थांबवायचं व्हतं," ललिता म्हणाली आणि पुढच्या खोक्याकडे वळली.