पंगत उठेपर्यंत

हिंगोलीत काही व्यापारी, वकील आणि निवृत्त मास्तर मिळून 'विचारपंगत' नावाचं एक मंडळ चालवत. महिन्यातल्या एका रविवारी दुपारी हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये जमायचं, एखाद्या पुढाऱ्याचं भाषण ऐकायचं आणि मग सगळ्यांनी मिळून जेवायचं. या खेपेला पाहुणे होते सेनगावकडचे माजी सभापती विश्वंभरराव. विषय होता 'घर टिकलं तर देश टिकेल'. मंडळाचे चिटणीस देविदास यांनी फोनवर आवर्जून सांगितलं होतं, "वहिनींनाही घेऊन या."

म्हणून पार्वतीबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

विश्वंभररावांचा आवाज सत्तरीतही खणखणीत होता. एकत्र कुटुंबं मोडली, पोरी शिकल्या पण घर विसरल्या, मोबाइलनं बापलेकाला परकं केलं, असं ते सांगत गेले आणि माना डोलत राहिल्या. मग त्यांनी आवाज खाली आणला. पार्वतीबाईंनी पदर घट्ट धरला. आता राणीची गोष्ट येणार, हे त्यांना ठाऊक होतं.

"तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या दारात पक्षाचा मेळावा. मंत्री आलेले, अख्खा तालुका जेवायला. आणि नांदेडहून फोन आला. तिथं दवाखान्यात ठेवलेली आमची राणी, आठ-नऊ वर्षांचं लेकरू, गेली. मी हिला देवघराच्या दारात बोलावून सांगितलं. हिनं डोळे पुसले आणि म्हणाली, दारी आलेला माणूस उपाशी जाता कामा नये. शेवटची पंगत उठेपर्यंत ही माय हसतमुखानं वाढत राहिली. याला मी संस्कार म्हणतो!"

टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत कुणीतरी नाक ओढलं.

पहिल्या वर्षी विश्वंभरराव एवढंच सांगायचे, 'मी काळजावर दगड ठेवून पंगत उठवली.' पुढं एका निवडणुकीत 'मी'चं 'आम्ही' झालं. मग केव्हातरी 'आम्ही'चं 'ही' झालं. पार्वतीबाई दर वेळी ऐकून घेत आल्या होत्या. पण देवघराचं दार त्यांनी आज पहिल्यांदा ऐकलं.

"वहिनींनी दोन शब्द बोलावेत," देविदास म्हणाले. एरवी त्या हात जोडून मान हलवायच्या. आज उठल्या. माइक हातात घेतला.

"मला सांगितलं न्हवतं," त्या म्हणाल्या. "मला ठाऊकच न्हवतं. मी बुंदी वाढीत व्हते. लोकांना आग्रह करीत व्हते, हसत व्हते. ठाऊक असतं तर घमेलं तितंच टाकून पळाले असते. अनवाणी गेले असते नांदेडला."

पदरानं डोळे पुसायला त्या थांबल्या. देविदासांनी हलकेच माइक काढून घेतला. "बघा मंडळी. आईचं काळीज! एवढं करून वहिनींना त्याचं श्रेयसुद्धा नको. यालाच संस्कार म्हणतात." या वेळच्या टाळ्या आधीपेक्षा मोठ्या होत्या.

जेवताना प्रियंका नावाची एक तरुण प्राध्यापिका येऊन पाया पडली. "काकू, मी असते तर कोसळलेच असते."

"मी बी कोसळले असते, बाई. सांगितलं असतं तर."

प्रियंकानं त्यांचा हात थोपटला आणि ताटात गरम पुरी वाढली.

परतताना गाडीत पार्वतीबाईंनी विचारलं, "तुमी मला देवघरापाशी कवा सांगितलं? नांदेडच्या वाटेवर, वारंगा फाट्यावर जीप थांबवून सांगितलं तुमी. माझ्या हाताला पाक तसाच व्हता."

विश्वंभररावांनी वळून पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, चोरटेपणाही नव्हता. तेच पार्वतीबाईंना भ्यायला पुरेसं होतं. "अगं, देवघरापाशीच. तुझ्या डोळ्यातलं पाणी मला आजूनबी दिसतंय." त्यांनी बायकोच्या हातावर हात ठेवला. "वय झालं आता. व्हतं असं."

घरी आल्यावर पार्वतीबाईंनी नांदेडला भावाला, संतरामला फोन लावला. राणीच्या शेवटच्या आजारात दवाखान्यात तोच तिच्याजवळ होता.

"संतराम, राणी गेली तवा फोन तूच केला व्हता ना?"

"व्हय, ताई. सकाळीच केला. दाजी म्हणले, मी सांगतो तिला. मग आमी वाट बघत बसलो. दिवस मावळायला आलात तुमी. पण आता जुनं काहून काढून राहिलीस?"

"मला वारंग्याला कळलं रे. पंगती उठल्यावर."



"मंग आईला काहून न्हाई सांगितलं तसं?"

"आईला काय सांगायचं?"

"ताई, आईनं मरेस्तोवर तुझ्या घरचं पाणी घेतलं न्हाई, ते त्याच्याचपायी. लेकराला शेवटची आंघोळ घालून तुझी वाट बघत बसली व्हती ती. म्हणायची, हिला पाहुणे मोठे झाले."

पार्वतीबाईंना वाटत आलं होतं, लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये ही जुनी रीत आई पाळते. कौतुकच वाटायचं. आई आली की दारातूनच परतायची, आणि त्या तिला वेशीपर्यंत हसत सोडायला जायच्या. आईला जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती. संतराम फोनवर रडत होता. त्यांनी फोन ठेवला.

बैठकीतून विश्वंभररावांचा आवाज आला, "पुढल्या महिन्यात वसमतला बोलावलंय! देविदासनं तुझ्या दोन शब्दांची लई तारीफ केली. तितंबी बोल."

"मी न्हाई यायची."

"बरं. तब्येत बरी न्हाई म्हणून सांगतो."

त्या मागच्या ओट्यावर जाऊन बसल्या. वसमतला गेल्या आणि बोलल्या तरी टाळ्या पडणार होत्या. घरी राहिल्या तरी पडणार होत्या. दिवस बुडाला, घरात अंधार झाला, तरी त्या उठल्या नाहीत. संसारात पहिल्यांदाच त्यांनी घरी असून स्वयंपाक केला नाही. विश्वंभरराव दुपारी पोटभर जेवले होते. भूक नव्हती, म्हणून ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही.