दर दोन तासांनी कूस

महिनाअखेर फ्लॅट रिकामा करून द्यायचा होता, आणि प्रणिताला नेमकं एकच पुस्तक सापडत नव्हतं.

आईला जाऊन चाळीस दिवस होत आले होते. मंदाताई कुवेतमधल्या एका हॉस्पिटलात हाडांच्या वॉर्डात तेवीस वर्षं सिस्टर होत्या, आणि तेवढीच वर्षं अबू हलीफातल्या या चौथ्या मजल्यावर त्यांचा संसार होता. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समुद्राची एक पट्टी दिसे आणि खाली कोपऱ्यावर हॉस्पिटलची पांढरी बस थांबे. लहानपणी प्रणिता ओट्यावर चढून त्या बसची वाट बघायची आणि आईनं वर बघितलं की झटकन उतरायची. ओट्यावर चढलं की ओरडा बसायचा.

आता वडील, अजयराव, बैठकीत फरशीवर बसून खोक्यांना चिकटपट्टी लावत होते. भरलेल्या प्रत्येक खोक्यावर 'पुणे' लिहायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. सोपं होतं, आणि मान खाली घालून करता येत होतं.

पुस्तक लाल कापडी बांधणीचं होतं. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीची मुलींसाठीची इंग्रजी कादंबरी. तिच्या लेखिकेचं नाव आज कुणी घेत नाही. आईनं ते शुक्रवारच्या बाजारात जुन्या दिव्यांच्या ढिगातून उचललं होतं. प्रणिता पुण्यात कॉलेजात इंग्रजी शिकवते आणि अशाच पुस्तकांवर लिहिते. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या या गोष्टींचा साचा तिला तोंडपाठ आहे. मुलगी धावते, फ्रॉक फाडते, मोठ्यांना उलटून बोलते. मग ती पडते किंवा तापानं फणफणते, आणि वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळते. छडीला जमलं नाही ते अंथरूण करतं. ती उठते तेव्हा तिचा आवाज हळू झालेला असतो आणि घराच्या किल्ल्या तिच्या कमरेला असतात. याला त्या गोष्टींत मोठं होणं म्हणतात. आई बहुधा पहिल्या पानावरच वारलेली असते. हे सगळं थांबवणारं माणूस घरात असून चालत नाही.

लाल पुस्तकातली मुलगी बंदरातल्या बोटी बघायला बागेच्या भिंतीवर चढते आणि पडते. प्रणिताला ती गोष्ट आधी आईच्या तोंडून कळली. सकाळची ड्युटी करून आल्यावर आई पाय स्टुलावर टाकून बसे आणि इंग्रजी वाचत वाचत मराठीत सांगे. तिच्या गोष्टीत त्या मुलीची आई ड्युटीवर गेलेली असे आणि संध्याकाळी यायची असे.

शेवटची दोन प्रकरणं राहिली असताना प्रणितानं पुस्तक पळवलं आणि स्वतःच वाचून संपवलं. तेव्हा ती तेरा वर्षांची होती. त्या शुक्रवारी आईच्या तीन मैत्रिणी जेवायला आल्या होत्या. भर पंगतीत ती म्हणाली, "आई, तुला ते पुस्तक कळलंच नव्हतं. त्या मुलीची आई पहिल्याच पानावर मेलीय. तू तिला ड्युटीवर पाठवलंस!"

मैत्रिणी हसल्या. आईही हसली. "माझं इंग्रजी आपलं हॉस्पिटलपुरतं," म्हणाली आणि भात वाढायला उठली. त्यानंतर तिनं कधी काही वाचून दाखवलं नाही. प्रणितालाही त्याची गरज वाटली नाही.

तीन वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात प्रणितानं या गोष्टींवर लेख लिहिला, त्याची सुरुवात याच प्रसंगानं केली. 'माझ्या आईचं इंग्रजी औषधांच्या चिठ्ठीपुरतं होतं', हे पहिलंच वाक्य. लोकांना ते फार आवडलं. आता त्या लेखांचं पुस्तक निघत होतं आणि प्रकाशकांना लाल पुस्तकाच्या पहिल्या पानाचा फोटो हवा होता.

"तो लेख तिनं वॉर्डात नेला होता," अजयराव खोक्याकडे बघत म्हणाले. "केरळच्या सिस्टरना अर्थ सांगून सांगून वाचून दाखवला."

"पहिला परिच्छेदसुद्धा?"

"सगळा." त्यांनी दातानं पट्टी तोडली.

तेवढ्यात बेल वाजली. दारात दुसऱ्या मजल्यावरची स्पृहा उभी होती. अकरा वर्षांची, शाळेच्याच गणवेशात. तिच्या आई-बाबांची ऑफिसं सुटेपर्यंत ती दोन वर्षं दुपारी मंदाआजीकडे बसायची. तिच्या हातात लाल पुस्तक होतं.

"सॉरी मावशी, हे आजीचं आहे. परत द्यायचं राहिलं."

प्रणितानं ते उभ्याउभ्याच उघडलं. पहिल्या पानावर, आई वारल्याचं जिथं लिहिलं होतं, त्या ओळीवर पेन्सिलीची बारीक रेघ होती आणि शेजारी आईच्या ठसठशीत अक्षरात: 'नको.' पुढची प्रकरणं ती उलटत गेली. मुलगी अंथरुणाला खिळल्यापासून समासात वॉर्डातल्या चार्टसारख्या नोंदी होत्या. 'सकाळी १०, कूस बदलली. १२, कूस बदलली, पाठ पुसली. २, कूस.' जिथं लेखिकेनं दोन पानं भरून सोशिकपणाचं कौतुक केलं होतं, तिथं लिहिलं होतं: 'अशी पाडून ठेवली तर पाठीला जखमा होतील. व्यायाम कुठे आहे?' आणि खाली, 'पाय हलवले, दहा वेळा. उद्या पंधरा.'

पेन्सिल जुनी होती, जागोजागी फिकटलेली. प्रणिता तेरा वर्षांची व्हायच्या आधीची.

आईला शब्द न् शब्द कळला होता. त्या मुलीला तसं पडून राहू देणं तिला मान्य नव्हतं, एवढंच. तिनं पुस्तकात शिरून तिची शुश्रूषा केली होती. लेखातला तो परिच्छेद प्रकाशकाला सांगून काढता येईल, पण वॉर्डात मोठ्यानं वाचला गेलेला कसा काढणार?

शेवटच्या दोन प्रकरणांच्या समासात काहीच नव्हतं.

"स्पृहा," ती म्हणाली, "आजीनं तुला शेवट सांगितला?"

"ऑफ कोर्स. तुला नाही?"

"नाही. मी थांबले नाही."

स्पृहा खोक्यावर बसली. "शी गेट्स अप. पण एकदम नाही. फर्स्ट डे थ्री स्टेप्स. मग ती रडते. आजी म्हणायची, रडू दे, उद्या चार."

"आणि किल्ल्या?"

"कुठल्या किल्ल्या?"

अजयरावांचा हात थांबला होता.

"मग ती परत भिंतीवर चढते," स्पृहा म्हणाली. "बट नोबडी शाउट्स अ‍ॅट हर. आणि वरून तिला दिसतं, आई येतेय. ड्युटीवरून."

"कशानं येते?" प्रणितानं विचारलं.

"बसनं," स्पृहा म्हणाली. एवढंही हिला ठाऊक नाही, याचं तिला नवल वाटलेलं दिसलं. "पांढऱ्या."