पाच किलोमीटरची अट

"नीलिमाताई, पापणी ताणून धरा ना," अवंतिका म्हणाली. नीलिमाने दोन्ही हातांनी पापणी ताणली आणि डोळे मिटले. भुवईवर दोरा सरसर फिरू लागला.

दोरा धरायचा कसा, इथपासून सगळं तिनेच या मुलीला शिकवलं होतं. कॅनडात, ग्वेल्फच्या कॉलेजात शिकत असताना अवंतिका तिच्या पार्लरमध्ये कामाला लागली, आणि पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, मिळाल्याबरोबर समोरच्या प्लाझात स्वतःचं पार्लर थाटून मोकळी झाली. तेव्हापासून नीलिमा आपल्या काचेआडून तिकडे लागणाऱ्या गाड्या बघत बसायची. त्यातल्या निम्म्या तिच्या ओळखीच्या असायच्या. नुसता जळफळाट व्हायचा तिचा.

आपल्या आयब्रो आपल्याला करता येत नाहीत, आणि तिच्या कायम अवंतिकाच करायची. त्या फार वाढल्या म्हणून आले, असं तिने दारातच सांगून टाकलं. खरं तर तिला हे दुकान एकदा आतून बघायचं होतं. आरसे तिच्या आरशांपेक्षा मोठे निघाले, तेही तिला लागलं.

तिच्याकडे अवंतिकाच्या सहीचा करार होता. नोकरी सोडल्यावर दोन वर्षं पाच किलोमीटरच्या आत पार्लर काढायचं नाही, की दुसऱ्याच्या पार्लरमध्ये कामही करायचं नाही, अशी त्यात अट होती. तो घेऊन ती टोरांटोला निसिम पेणकरांकडे गेली होती. मूळचे अलिबागचे, मराठी बोलणारे वकील. त्यांनी करार वाचून चष्मा काढला.

"ताई, ओंटारिओत आता एम्प्लॉयीला असं बांधता येत नाही. कायदाच बदललाय. हा क्लॉज व्हॉइड आहे."

ती मुकाट्याने परत आली. नवऱ्याला, दिलीपलासुद्धा, तिने यातलं काही सांगितलं नाही.

"एक बोलू?" अवंतिकाने दोरा थांबवला. "मला वाटलं होतं, तुम्ही मला कोर्टात खेचणार. सही केली होती ना मी. पण तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत. आई म्हणते, फार मोठं मन आहे त्यांचं."

नीलिमाच्या डोळ्यांतून पाणी आलं. दोऱ्याने येतंच ते.

तेवढ्यात फेशियल करून घ्यायला एक बाई आली. उजवी भुवई अपूर्वा करेल, असं सांगून अवंतिका आत गेली. अपूर्वा नवी मुलगी, जेमतेम विशीची. तिने दोरा दातांत धरला आणि काम कधी संपलं ते कळलंही नाही. नीलिमाने आरशात पाहिलं. डावी भुवई चांगली होती. उजवीपुढे मात्र ती फिकी वाटत होती.

अवंतिका बाहेर आली तेव्हा नीलिमाने हलकेच विचारलं,

"हिच्याकडून काही लिहून घेतलंस की नाही?"

"घेतलं ना. तुमचाच करार, फक्त नावं बदलली." अवंतिका ओशाळून हसली. "तुमच्याएवढं मोठं मन नाही हो माझं."

"बरं केलंस," नीलिमा म्हणाली.

अवंतिका पुन्हा पडद्याआड गेली. अपूर्वा नीलिमाच्या कपाळावरची पावडर झटकत होती. नीलिमाने तिची बोटं नीट पाहून घेतली.

"सोमवारी सुट्टी असते ना तुला?"

अपूर्वाने मान डोलावली.

"मग ये ना माझ्याकडे चहाला. हे काय, समोरच."