बाहेरचं

निशिगंधाने किमयाच्या पायातले बूट काढले आणि पुन्हा घालायला घेतले.

"परत काय घालतेस गो?" गिरजाबाईंनी आपल्या चपला भिंतीकडे सारल्या. "आत जायचंय ना आपल्याला?"

"खडे टोचतील तिला."

"कडेवर तर हाय ती."

सासूबाईंनी नातीला तिच्या हातातून घेतलं आणि त्या ओटीची पायरी चढल्या. निशिगंधा बूट हातात धरून खालीच थांबली. आळीच्या तोंडाशी पूर्वी पिठाची गिरणी होती, तिथे आता एसटीडीचा पिवळा बूथ होता. बाकी बाजल्यांवर जुनी लुगडी तशीच अंथरलेली, त्यांवर पापड तसेच वाळत पडलेले. हिंगाचा वासही तोच.

रोह्यात शेजारणीने गिरजाबाईंना सांगितलं होतं. पेणला रामवाडीत एका बाईच्या अंगात वारं येतं, तिच्या अंगाऱ्याने झोपेत दचकणारी पोरं शांत होतात. निशिगंधा तेव्हा सुपात तांदूळ निवडत होती. शेजारणीने बाईचं नाव हौसा असं सांगितलं, आणि निवडलेले तांदूळ तिने न निवडलेल्यांतच लोटून दिले.

"माझ्याच आळीत आहे ते घर," एवढंच ती बोलली होती.

लग्नानंतर ती इकडे फिरकली नव्हती. आई घर विकून पनवेलला भावाकडे गेली, तेव्हा यायला कारणही उरलं नाही. आज एसटीत खिडकीशी बसून ती एक वाक्य मनात घोळवत आली होती. हौसा, मी खोटं बोलले होते. ओठ हलत होते. किमयाला गंमत वाटली, तिने आईच्या ओठांवर बोट ठेवलं.

ओटीवर पाचसहा बायका बसल्या होत्या. नारळ, उदबत्तीचे पुडे, एकीच्या मांडीवर तापलेलं पोर. त्यांच्यामधून एक सावळी, ठसठशीत बाई पाण्याचा तांब्या फिरवत होती.

"बसा गो बसा, दाटीवाटीनं बसा. माय आंघोळीला गेली हाय. लांबून आलाव?"

"रोह्याहून," गिरजाबाई म्हणाल्या. "तुम्ही कोण त्यांच्या?"

"मी बायजा. मायचं रांधते, नारळ फोडते नि उरल्या वेळात तिची बोलणी खाते." बायका हसल्या. "इथंच असते."

"आणि त्यांचे मालक?"

"देवीच्या माणसाला कोण मालक?"

गिरजाबाईंनी पाणी घेतलं, पण प्यायल्या नाहीत. उघड्या दारातून आतली खोली दिसत होती. एकच पलंग, दोन उशा, दोरीवर शेजारी शेजारी वाळत घातलेली दोन पातळं. त्यांची नजर तिथून हलेना. निशिगंधाचीही हलेना.

"पहिल्यापासूनच येतं का वारं?" गिरजाबाईंनी विचारलं.

"नाय वो." बायजा उकिडवी बसली. हे सांगायला तिला आवडत असावं. "मायचा बाप मिठागरावर. घरात खाणारी तोंडं लय, म्हणून माय इथं समोरच्या घरी पापड लाटायला यायची. तिथं एक पोरगी होती तिच्या बरोबरीची. एके दुपारी दोघी माळ्यावर होत्या नि मायला झालं काय तरी. ती पोरगी वरडत खाली आली, हिला बाहेरचं लागलंय म्हणून. मग काय, भगत आणला. कोंडली हिला. मिरच्यांची धुरी दिली, वेतानं फोडली. आनि एका सकाळी ही उठली ती घुमतच. भगताला म्हणते, कुणाला मारतोस रं मेल्या, मी आई हाय! भगतच पाया पडला. त्या दिवसापासून तिच्या अंगावर कुणाचा हात नाय पडला. लगीन ठरत होतं, तेबी मोडलं. देवीला कोण सून करील?"

निशिगंधाच्या हातात अजून बूट होते. पट्टीचं बक्कल तिने इतकं दाबून धरलं होतं की तळव्यावर त्याचा चौकोन उमटला.

माळ्यावर पिठाचे डबे होते. हौसाच्या केसांना उडदाच्या पिठाचा वास यायचा. खाली कडी वाजली, आईची पावलं शिडीवर आली, आणि जिने स्वतःहून हौसाचा चेहरा ओंजळीत धरला होता, तीच निशिगंधा तिला ढकलून ओरडली होती. नंतर समोरच्या घरातून खोकला ऐकू यायचा. आईने खिडकी लावून घेतली. निशिगंधाने ती उघडली नाही.

"आली गो माय," बायजा उठली.

हौसा ओल्या केसांनीच पाटावर येऊन बसली. अंगाने भरली होती. कपाळावर मळवट, गळ्यात कवड्यांची माळ. तिने समोर पाहिलं, निशिगंधाला पाहिलं, आणि तबकातला अंगारा बोटांनी चाळवला.

"पोरीला काय होतंय?"

"झोपेत दचकते," गिरजाबाई म्हणाल्या. मग आवाज जरा चढवून, "रागावू नका हां. पण आम्ही कंपनीवाल्यांच्या वस्तीत राहतो, आमच्याकडे असल्या ढोंगी बाया लय येऊन गेल्या. दोघी बाया एकट्याच राहतात, एकीच्या अंगात येतं, दुसरी नारळ गोळा करते. माणसानं विचारावं की नको?"

बायका त्यांच्याकडे वळल्या.

"ही माझी सून याच आळीतली." त्यांनी निशिगंधाचं कोपर धरून तिला पुढे घेतलं. "हिलाच विचारते. तू होतीस ना गो तेव्हा इथं? खरं का ते वारं? का नुसतं नाटक?"

वाक्य तयार होतं. किती दिवस तयार होतं. निशिगंधाने तोंड उघडलं, आणि तिला बायजा दिसली. बायजाच्या हातातला नारळ छातीशी आला होता. हसणं कुठल्या कुठे गेलं होतं. तिला सगळं ठाऊक होतं. ती पोरगी कोण, तेही आत्ता कळलं होतं. बायका माना वर करून वाट पाहत होत्या. हौसा तबकाकडे बघत होती.

"मी तिथंच होते, आई," निशिगंधा म्हणाली. "त्या माळ्यावर. मीच ओरडले होते."

"मग?"

"खरं आहे ते. मी हिचा हात धरला होता. पण वारं असं होतं, की..." तिने हातातल्या बुटांकडे पाहिलं. "मला नाय धरवलं."

बाया चुकचुकल्या. कुणीतरी हात जोडले. गिरजाबाई क्षणभर सुनेकडे बघत राहिल्या, मग गुडघे टेकून त्यांनी कपाळ जमिनीला लावलं. "चुकलं, माय."

बायजाने नारळ खाली ठेवला.

हौसाने किमयाच्या कपाळाला अंगारा लावला, फुंकर घातली. तेच बोट निशिगंधाच्या कपाळापर्यंत आलं आणि टेकलं.

"तुला काय मागायचंय?"

"काही नाही."

"माग. मंगळवार हाय."

निशिगंधाने मानेनेच नकार दिला. बोट तिथेच होतं. पापड लाटणाऱ्या बाईचं, टोकाशी घट्टे पडलेलं. मग हौसाने ते उचललं आणि खालच्या आवाजात, कुणाही बाईला सांगावं तसं सांगितलं, "परत परत येऊ नको. हा एकदाच लावायचा असतो." आणि तिच्या खांद्यावरून पाहत म्हणाली, "पुढची कोण गो?"

पायरीखाली गिरजाबाईंनी चपला शोधल्या. निशिगंधाने किमयाच्या पायांत बूट चढवले. बूथपाशी आल्यावर सासूबाईंनी सुनेकडे वळून पाहिलं, आणि सासरी आल्यापासून निशिगंधाने ऐकला नव्हता इतक्या मऊ आवाजात विचारलं,

"तुझी मैत्रीण होती गो ती?"

निशिगंधाने पोरीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं.

"नाही," ती म्हणाली. "आमच्याकडे पापड लाटायला यायची."