इंदापूर बंद!

हिरवाई फळभाजी संघात कॉम्प्युटर आले ते सत्त्याण्णव साली आणि नेटवर्क आलं त्याच्या पुढच्या वर्षी. मुख्य कार्यालय बारामतीला, शाखा इंदापूरला. दोन्हीकडे एकेक सर्व्हर आणि मध्ये टेलिफोनची लाइन, जी लागली तर लागली. ह्या साऱ्या साम्राज्याची एकुलती एक अधिकारी म्हणजे कन्हेरीची प्रियदर्शनी. पुण्यात कॉम्प्युटर शिकून आली तेव्हा घरच्यांना वाटलं होतं, पोरगी आता मोठमोठी कामं करील. पोरगी काय करायची, तर कोणी कोणता फोल्डर उघडायचा आणि कोणी नाही, एवढंच दिवसभर माऊसने टिचकवत बसायची.

त्याला कारण होतं. संघात माल जितका हलत नसे तितकी माणसं हलत. डाळिंबाचा माणूस द्राक्षाला, द्राक्षाचा भेंडीला, भेंडीचा वसुलीला. कॉम्प्युटरवर प्रत्येक खात्याचा आणि शाखेचा एकेक गट होता; ज्याचं नाव गटात, त्यालाच तिथले फोल्डर उघडत. प्रत्येक बदलीला जुन्या खात्याची परवानगी काढा, नव्याची द्या, त्याचा फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवा. इथं झालं की एसटीने इंदापूर गाठून तिथल्या सर्व्हरवर पुन्हा तेच. परत येईपर्यंत साहेबांनी तो माणूस आणखी कुठंतरी बसवलेला असे.

साहेब म्हणजे जनरल मॅनेजर आबासाहेब. कॉम्प्युटरला ते बोटही लावत नसत, पण त्यांचं बारीक लक्ष होतं. नेटवर्क आलं त्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, "ह्या गटांत माझं नाव कुठल्या गटात हाय?"

"मुख्य कार्यालयाच्या, साहेब."

"बाकीच्यात न्हाय? मग मी जनरल मॅनेजर कशाचा? डाळिंबात टाका, भेंडीत टाका, इंदापूरच्या गटातबी टाका." तिने टाकलं. बागवान भरल्या पाटीत वरून एखादं फळ टाकतो तसं.

शेवटी टिचकवून टिचकवून तिला वीट आला. तिने थोडे दिवस डोकं घातलं आणि एक बॅच फाइल लिहिली, म्हणजे कॉम्प्युटरने ओळीने पाळायच्या हुकमांची यादी. माणसाचं नाव टाका, खात्याचं नाव टाका, एंटर दाबा. फोल्डर आपोआप हलत, परवानग्या बदलत आणि लाइन लागली की इंदापूरलाही तसंच होई. पहिल्यांदा अख्ख्या भेंडी खात्याची उलथापालथ चहा निवायच्या आत पार पडली, तेव्हा तिला एकटीलाच हसू फुटलं. धावत जाऊन तिने साहेबांना सांगितलं.

"झालं? एवढ्यात?" आबासाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "मग इतके दिवस काय करत होता तुमी?"

ह्या कौतुकापाठोपाठ बढतीही आली. हाताला काम उरलं नाही म्हणून पिण्याच्या पाण्याचा आणि गाड्यांच्या डिझेलचा कारभार तिच्याकडे देण्यात आला.

आणि मग आबासाहेबांना त्या एंटरची चटक लागली. कोणी ते आत आल्यावर उभं राहिलं नाही, की "ह्याचं बंद करा." कोणी घराच्या वास्तुशांतीला बोलावलं नाही, "त्याचंबी." माणूस सकाळी खुर्चीत बसे आणि पाही तर फोल्डर उघडत नाही. मग तो हातात पेढे घेऊन साहेबांच्या केबिनबाहेर. इंदापूरचा शाखाप्रमुख अविराज तरणा आणि तिखट होता. त्याच्या शाखेपुरते हुकूम द्यायचा अधिकार त्याला होता, तेव्हा त्यानेही फोन करून सांगायला सुरुवात केली, "बाई, बारामतीकरांना आमचे दर दिसायला नकोत." प्रियदर्शनी दोघांचंही ऐके. आपण यंत्र बनवलं की तोफ, असा प्रश्न तिला पडू लागला होता.

एका सकाळी मुंबईचे निर्यातदार द्राक्षांची माहिती पाहायला यायचे होते. त्याच सकाळी फोनवर अविराज आबासाहेबांना प्रेमाने "तात्या" म्हणाला. आबासाहेब लाल होऊन तिच्या टेबलाशी आले.

"तात्या? मी काय ह्याचा चुलता हाय? बाई, इंदापूर बंद!"

"बंद म्हणजे, साहेब?"

"म्हंजे बंद! तितल्या एकालाबी द्राक्षाच्या फोल्डरला हात लावता येऊ नये."

"साहेब, अख्ख्या गटालाच मनाई केली, तर त्या गटात जे जे..."

"गटातटाचं मला शिकवू नका. आमी गटातटातच वाढलोय."

प्रियदर्शनीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे. पोटात थोडी गुदगुली झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. तिने एंटर दाबलं.

पाहुणे आले. शाल-नारळ झाले. आबासाहेबांनी पाहुण्यांसमोर कॉम्प्युटरला बोट लावायचंच ठरवलं होतं, त्याची तालीमही झाली होती. त्यांनी ऐटीत द्राक्षाच्या फोल्डरवर टिचकी मारली. पडद्यावर इंग्रजी चौकट आली. पुन्हा मारली. पुन्हा चौकट. पाहुण्यांपैकी एकाने वाकून वाचलं आणि सभ्यपणे मराठीत सांगितलं, "साहेब, हा म्हणतोय की तुम्हाला परवानगी नाही."

"मशीन बिघडलंय," आबासाहेब म्हणाले. "बाईंना बोलवा!"

प्रियदर्शनी आली. "मशीन चांगलं आहे, साहेब. इंदापूरच्या गटाला मनाई आहे आणि तुमचं नाव त्या गटात आहे. एकदा मनाई लागली की मग बाकीच्या गटांतली परवानगी चालत नाही."

"मग माझ्यापुरतं उघडा की."

"उघडते. पण त्यासाठी इंदापूरच्या गटातून तुमचं नाव काढावं लागेल."

आबासाहेबांच्या चेहऱ्यावर ते नाव निघून गेल्याचं दुःख आधीच उमटलं. गटातून नाव काढायचं! आणि तेही परक्यांदेखत! त्यांनी घाम पुसला, पाहुण्यांकडे पाहून हसले आणि हळूच म्हणाले, "नाव ऱ्हाऊ द्या. इंदापूर... चालू करा." मग झाल्या प्रकारावर तोंडाची चव बदलावी म्हणून पाहुण्यांना मासे खायला भिगवणला नेण्यात आलं.

दुसऱ्या दिवशी ठपका कोणावर आला हे सांगायला नको. पण तिला सुचलंही त्याच दिवशी. तिने फाइल थोडी बदलली. हुकूम आता आठवडाभर साठत आणि शनिवारी दुपारी एकदम चालत. "मोठ्या कंपन्यांत अशीच पद्धत असते, साहेब," ती म्हणाली. मोठ्या कंपन्या म्हटल्यावर आबासाहेबांची काही हरकत राहिली नाही. शनिवार येईतो सोमवारचा राग उतरलेला असे. "त्याचं ऱ्हाऊ द्या," असा निरोप येई, आणि प्रियदर्शनी ती ओळ खोडून टाके.

वार्षिक सभेत आबासाहेबांनी ही पद्धत स्वतः शोधून काढल्याचं जाहीर केलं. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत पाण्याचे जार मोजत बसलेल्या प्रियदर्शनीनेही वाजवल्या. तेवढ्यात कऱ्हाटीचे डाळिंबवाले कुंडलिकराव उठले.

"साहेब, त्या फोल्डरात आमच्या डाळिंबाचा दर असतो व्हय?"

"असतो की."

"मग आमी सभासदांनी तो कवा बघायचा?"

आबासाहेबांनी घड्याळ पाहिलं, हात रुंद पसरले. "अवो कुंडलिकराव, संघ तुमचा, दर तुमचा. सगळं तुमालाच उघडं हाय! चला, जेवण निवतंय." आणि सगळ्यांच्या आधी ते पंगतीकडे निघाले.

आबासाहेबांचे हुकूम नेहमी तोंडीच असत. सोमवारी प्रियदर्शनीने 'सभासद' नावाचा गट केला, त्यापुढे डाळिंबाच्या दराचा फोल्डर लिहिला, फक्त वाचण्यापुरता, आणि हुकूम साठवून ठेवला. आठवडाभर त्यावर निरोप आला नाही, कारण आपण काय बोललो हे साहेब पहिल्या जिलेबीलाच विसरले होते. शनिवारी बाकीच्या ओळींबरोबर तीही चालली.

पुढच्या आठवड्यात कुंडलिकराव बाहेरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरपुढं उभे होते, चष्मा कपाळावर चढवून. प्रियदर्शनीने फोल्डर उघडून दिला. त्यांनी दर वाचला, पुन्हा वाचला आणि मागं वळून रांगेतल्यांना ओरडून सांगितला. आतून आबासाहेबांचा आवाज आला, "बाई, कसला दंगा चाललाय?"

"काही नाही, साहेब," ती म्हणाली. "सभासद आलेत."